सरोगसी करू की एग डोनेशन?

दुसऱ्या जोडप्याचं बाळ आपल्या पोटात वाढवायचं (सरोगसी) की त्यांना आपली स्त्रीबीजं द्यायची (एग डोनेशन), राजारामपुरीतल्या मैत्रिणीला काय करावं कळंना, परवा रंकाळ्यावर भेळ खाताना तिनं पिशवीतनं रिपोर्टांची फाईलच काढली. एजंट काय गोड बोलतोय ते सोडा, 2021 चे कायदे काय म्हणतात ते बघू.

वय सरोगसीला 25 ते 35, एग डोनेशनला 23 ते 35. सरोगसीला लग्न झालेलं आणि स्वतःचं मूल पाहिजेच, वर शरीर-मन दोन्ही फिट असल्याचं सर्टिफिकेट. दोन्ही आयुष्यात एकदाच.

त्रास मात्र सारखा नाही बरं का. एग डोनेशनला 10-12 दिवस पोटात इंजेक्शनं, सोनोग्राफ्या, मग भूल देऊन अंडी काढतात, जास्तीत जास्त 7, क्वचित पोट फुगून अ‍ॅडमिट व्हावं लागतं. सरोगसीत पुरते नऊ महिने, बीपी, शुगर, सिझर सगळं आलं, आणि स्वतःचं बीज चालत नाही. विमा सरोगसीला 36 महिने, एग डोनेशनला 12. सरोगसीत दवाखान्याचा खर्च आणि विमा सोडून पैसा घेता येत नाही, तेव्हा लाखांची ऑफर आली की लांबूनच नमस्कार.

बाळंतपणं सुखरूप झालेली, घरचे पाठीशी असतील तिनं सरोगसीचा विचार करावा. महिनाभरच सवड असेल तर एग डोनेशन. हिची दोन्ही सिझर झालेली, मी म्हटलं सरोगसी नकोच गं.