'नीट परीक्षा लागत नाही' म्हणाले, तिथंच उठायला हवं होतं : फिजिओथेरपी प्रवेशात गेलेले 2,24,500 रुपये

हिशेब आधी देते. फॉर्मचे 11,000, 'सीट धरून ठेवायचे' 75,000, पहिल्या वर्षाची फी 1,20,000 आणि किटचे 18,500. एकूण 2,24,500. किट म्हणजे पांढरा ॲप्रन, प्लास्टिकचा गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन), रिफ्लेक्स हातोडी, टेप आणि झेरॉक्स नोट्स. परत आले शून्य. आईचं गंठण अजून पतसंस्थेतच आहे.

राजारामपुरीतल्या त्या ऑफिसात एजंट म्हणाला, "नीट लागत नाही, युनिव्हर्सिटी बाहेरच्या राज्यातली आहे. वर्ग कोल्हापुरातच, आठवड्यातून दोन दिवस." या एका वाक्यात सगळं होतं. महाराष्ट्रात आरोग्य विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत बीपीटीएचचा, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीचा, प्रवेश नीटच्या गुणांवर, सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश कक्षाच्या) कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून होतो. मॅनेजमेंटच्या जागेलाही नीट लागतेच. दूरशिक्षणानं फिजिओथेरपीची पदवी होत नाही. ही माहिती मोबाईलमध्ये पडून होती. सीईटी सेलची पुस्तिका डाउनलोड करून ठेवलेली, उघडली नव्हती. दुसऱ्या फेरीतही नाव लागलं नव्हतं, वर्ष वाया जाईल ही धास्ती होती, आणि समोर आणखी तीन पालक पैसे मोजत बसलेले. (ते खरे होते की बसवलेले, याची आता शंका येते.) अशा वेळी कुणाचंही डोकं चालत नाही, हे मी अजून म्हणते.

पावती मात्र हातात होती. वर एका बहुउद्देशीय संस्थेचं नाव आणि खाली 'देणगी'. फी हा शब्द कुठंच नाही. पप्पांनी विचारलं तर म्हणे, "टॅक्ससाठी तसं करतो." पप्पा गप्प बसले, मीही.

वर्ग सुरू झाल्यावर तर आंधळ्यालाही दिसावं असं होतं. बीपीटीएच तेव्हा चार वर्षं आणि सहा महिने इंटर्नशिप अशी होती. इथं साडेतीन वर्षांत सगळं. ॲनॅटॉमीला डिसेक्शन हॉल नाही, एक प्लास्टिकचा सांगाडा, त्यालाही डावा हात नाही. इलेक्ट्रोथेरपीला एक टेन्सचं (विजेच्या हलक्या लहरींनी दुखणं कमी करायचं) मशीन, तेही बंद. गुडघ्याचा कोन मोजताना सर गोनिओमीटरची खीळ वाटीवर धरायचे! ती मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर ठेवायची असते. एक पट्टी खुब्याच्या उंचवट्याच्या रेषेत, दुसरी बाहेरच्या घोट्याच्या. वाटीवर ठेवली तर आकडा चुकतो, आणि पेशंट सुधारला की बिघडला हेच कळत नाही. त्या दिवशी पुस्तकातलं चित्र दाखवलं तर वर्गातून उठवलं. तरी मी पुढचे पाच आठवडे जात राहिले, कारण पैसे भरले होते.

वरिष्ठ बॅचमधल्या कुणाचा तरी विद्यापीठाचा परीक्षा क्रमांक दाखवा म्हटल्यावर टोलवाटोलवी सुरू झाली. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या वेबसाईटवर संलग्न कॉलेजांची यादी असते, त्यातही नाव नव्हतं. पदवीनंतर राज्याच्या परिषदेत नोंदणी होत नसेल तर त्या कागदाचा उपयोग शून्य.

मग पोलीस. पहिल्या ठाण्यात, "कॉलेज चालू आहे ना? मग फसवणूक कशी? दिवाणी मॅटर आहे." दुसऱ्यात, "संस्था दुसऱ्या जिल्ह्यात नोंदलेली, तिकडं जा." तिकडच्यांनी, "ऑफिस कोल्हापुरात, तिकडं जा." शिक्षणाच्या एका कार्यालयात तर कमाल! "आमच्याकडं अशा कॉलेजची नोंदच नाही, मग कारवाई कुणावर करणार?" अहो, नोंद नाही हीच तर तक्रार आहे. साहेब दुपारी जेवायला गेले ते आलेच नाहीत. पप्पांची चार दिवसांची मजुरी त्या बाकड्यावर गेली.

ठाण्यातून हाकलतात तेव्हा तोंडी वाद घालू नका. बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 173(4) प्रमाणे तक्रार लेखी करून टपालानं पोलीस अधीक्षकांना पाठवा, पावती जपा. त्यावरही हाललं नाही तर मॅजिस्ट्रेटपुढं अर्ज होतो. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेतलं 318, पूर्वीचं आयपीसीतलं 420. हद्दीचं कारण सांगून गुन्हा नाकारता येत नाही, झिरो एफआयआर हा शब्द मोठ्यानं म्हणा. पैसे रोख दिले असतील तर व्हॉट्सॲपवर रकमेचा उल्लेख करवून घ्या, संस्थावाले सावध व्हायच्या आत. आणि बारावीचं मूळ प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला अशा ठिकाणी देऊ नका. माझा दाखला अजून त्यांच्याकडं आहे. दुसरीकडं प्रवेशाला तो मागतात, आणि तो परत द्यायचे ते आता 20,000 मागताहेत.