जुन्या फियाटला रंग कोणता: मूळचा क्रीम की गडद मरून?

गाडी काकांची, १९७२ सालची फियाट, जळगावच्या शेडमध्ये कित्येक वर्षं उभी. घरात दोन तट पडले. काका म्हणतात क्रीमच. चुलतभावाला मरून हवा, लग्नाच्या वरातीत उठून दिसतो म्हणून.

मरून दिसतो देखणा, नाही म्हणत नाही. पण गडद चकचकीत रंग पत्र्याची प्रत्येक चुगली करतो. पुट्टी घासताना राहिलेली लाट क्रीममध्ये खपून जाते. मरूनमध्ये दारावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब वाकडं दिसतं. आमचा पेंटर म्हणाला, "भो, मरून मारायचा तर घासकाम दुप्पट धरा." मजुरीही त्याच हिशेबाने. शिवाय आपल्याकडचा मे महिना! पारा ४५ च्या आसपास, आणि गडद पत्रा दुपारी हात लावू देत नाही. लाल छटा उन्हाने लवकर विटतात ते वेगळंच. काळ्या मातीची धूळ तर मरूनवर बोट फिरवताच उमटते.

क्रीम नेमका कोणता, हा खरा पेच. शेडकार्डावर भरवसा नको. डॅशबोर्ड उघडल्यावर आत ऊन न लागलेला मूळ रंग सापडला, वरच्यापेक्षा चांगलाच फिका. तोच जुळवायला दिला.

कागदांचंही बघा. आरसीवरचा रंग बदलायचा तर आरटीओत नोंद करावी लागते. आणि ५० वर्षांवरच्या गाडीची २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी करायची असेल, तर ती मूळ रूपात असलेली बरी.

माझं मत काकांकडे. चुलतभावाला सीट कव्हरं मरून करून देऊ.