साठीनंतरचे कपडे टीव्हीवरून मागवावेत की मोबाइलवरून?

आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातल्या भिशीत हा विषय हल्ली दर वेळी निघतो. निम्म्याजणी दुपारी टीव्हीवरच्या साड्या बघून फोन लावतात, निम्म्याजणींना मुलाने किंवा सुनेने मोबाइलमध्ये अ‍ॅप घालून दिलंय. ज्यांचं अजून ठरत नाही त्या मला विचारतात, कारण मी दोन्हीकडून मागवत आले आहे. साड्या, बाहेर घालायचे कुर्ते, घरातले गाऊन, सगळंच. माझं वय त्रेसष्ट आणि उंची पाच फूट एक इंच. हे मुद्दाम सांगते, कारण माझं मत बरंचसं याच दोन गोष्टींमुळे बनलंय. तुम्ही पन्नाशीच्या आणि उंच असाल तर तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

दुकानांबद्दल थोडक्यात. साडी घ्यायची तर मेन रोडवर गादीवर बसून, चार घड्या उलगडून घेण्याला आजही तोड नाही. पण शालिमारला उतरून त्या गर्दीतून चालायचं, वरच्या मजल्यावर चढायचं आणि अरुंद ट्रायल रूममध्ये तोल सांभाळत कुर्ता डोक्यातून घालायचा, हे गुडघे दुखणाऱ्या बाईला दर वेळी जमत नाही. म्हणून रोजच्या कपड्यांपुरती मी टीव्ही आणि मोबाइल यांचीच तुलना करते आहे. पैठणी यात धरूच नका. नाशिकहून येवला साधारण ८० किलोमीटर, तिथे जाऊन हातात घेऊनच ती घ्यावी. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटून पाहिला तरी मोर सुलट बाजूसारखाच दिसतो. यंत्रावरच्या साडीला मागून कापलेले किंवा लोंबते धागे दिसतात. टीव्हीवर ‘पैठणी’ म्हणून दाखवलेल्या साडीचा पदर उलटवलेला मी अजून पाहिलेला नाही.

आता टीव्ही. या खरेदीची गिऱ्हाईक आपल्या वयाची बाई आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. अमेरिकेत टीव्हीवरून विक्री करणाऱ्या चॅनलांपैकी एचएसएन १९८२ साली आणि क्यूव्हीसी १९८६ साली सुरू झालं. तेव्हापासून दिवसा घरी असणारी, निवांत बघणारी आणि निवेदिकेच्या शब्दावर विश्वास ठेवणारी बाई त्यांना हवी होती. चॅनलबरोबर ती बाईही वयाने वाढली. क्यूव्हीसीने २०२४ साली तर पन्नाशीपुढच्या बायकांना उद्देशून उघडपणे मोहीमच काढली. माझी नणंद न्यू जर्सीला असते. तिच्याकडे गेले तेव्हा मी तो चॅनल बराच पाहिला. पिकल्या केसांच्या, पोट असलेल्या बायका तेच कपडे घालून चालून दाखवत होत्या. एकच पँट बुटक्या बाईसाठी वेगळ्या लांबीची आणि उंच बाईसाठी वेगळ्या लांबीची मिळत होती. आपलं वय त्यांनी हिशेबात धरलंय, असं मला तिथे पहिल्यांदा वाटलं.

आपल्याकडे टीव्हीवरून विकणारी होमशॉप१८ आणि नापतोल ही दोन्ही नावं २००८ सालची. मधल्या काळात तरुण मंडळी ओटीटीकडे आणि मोबाइलकडे वळली आणि दुपारचा टीव्ही आपल्याकडे राहिला. म्हणजे बघणाऱ्या आपणच. तरी साडी नेसून उभी असते पंचविशीतली मुलगी. तिचा पदर एका खांद्यावर पिन लावून सोडलेला असतो. आपण दोन्ही खांद्यांवरून घेतो तेव्हा ती साडी कशी बसेल, चुण्या किती फुगतील, हे त्यातून समजत नाही. आपल्या वेळेला, आपल्या भाषेत बोलायचं, पण कपडा आपल्या अंगावर दाखवायचा नाही, हे मला खटकतं. साठीची एखादी बाई त्यांनी उभी केली तर विक्री वाढेलच, असं माझं प्रामाणिक मत आहे.

तरीही दाखवण्याच्या बाबतीत टीव्ही मोबाइलच्या पुष्कळ पुढे आहे. कपडा हलताना दिसतो. निवेदिका तो मुठीत धरून चुरगळते आणि सोडते, तेव्हा सुरकुती राहते की नाही ते समजतं. ती गिरकी घेते, हात वर करते. हात वर केल्यावर कुर्ता किती वर ओढला जातो हे एकदा दिसलं की निम्मा निर्णय होतो. जॉर्जेटची साडी अंगाला चिकटते की सुटी राहते, हे स्थिर फोटोत कधीच दिसणार नाही. शिवाय ऑर्डर घ्यायला माणूस असतो. मिस्ड कॉल द्या, उलटा फोन येतो, पत्ता सांगा, पैसे दारात द्या. पासवर्ड नाही, कार्ड नाही. एकटीने राहणाऱ्या बाईला हे किती मोलाचं आहे ते भिशीतल्या दोघीतिघींकडे बघून मला रोज जाणवतं.

घाई मात्र फार करतात. कोपऱ्यात घड्याळ उलटं धावत असतं, शिल्लक नग कमी होत असतात. आपण लेकीला फोन करून विचारेपर्यंत ती साडी गेलेली असते. मागे जाऊन पुन्हा बघायची सोय नाही. आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ सरकत असते की रंग व नक्षी उपलब्धतेनुसार बदलू शकते. ती ओळ चष्मा लावून वाचाच.

अजून एक लक्षात घ्या. टीव्हीवर एकटा कपडा क्वचितच विकतात. पाच साड्यांचा संच, तीन कुर्त्यांचा संच, असंच असतं. साड्यांच्या बाबतीत हे सोयीचंही आहे. लग्नात, डोहाळेजेवणात, ओटी भरताना द्यायच्या साड्या लागतातच. त्या एकसारख्या किमतीच्या असल्या की कुणाला कमी-जास्त वाटत नाही. अशा देण्याच्या साड्यांसाठी मी आजही टीव्हीचंच नाव सुचवेन. स्वतः घालायच्या कपड्यांचं गणित वेगळं आहे.

मोबाइलवर मिंत्रा, मीशो, अ‍ॅमेझॉन वगैरे काय काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. सुरुवातीला मला हे प्रकरण अजिबात आवडलं नव्हतं. फोटोतली मुलगी साडेपाच फुटांच्या पुढची, तिच्या गुडघ्यापर्यंत येणारा कुर्ता माझ्या पोटरीपर्यंत येतो. लांबी, गळा, बाही, कापड, रंग या सगळ्यांची गाळणी (फिल्टर) लावता येते, पण वयाची गाळणी नाही. त्यामुळे सुती, पाऊणबाही, बंद गळ्याचा, खिसा असलेला कुर्ता शोधायला अंगठा दुखेपर्यंत खाली सरकावं लागतं. रंगही फसवे. फोटोत चिंचेचा वाटणारा रंग दारात येईपर्यंत जांभळा होतो. फोटो पाहून कापडाचा अंदाज येत नाही, म्हणून मी आता विकणाऱ्याचे फोटो सोडून थेट खाली, घेतलेल्या बायकांनी टाकलेल्या फोटोंकडे जाते. घराच्या पॅसेजमध्ये, ट्यूबलाइटखाली काढलेले ते फोटो बघितले की रंगाची शंका फिटते. तिथे आपल्या वयाच्या, आपल्या अंगाच्या बायकाही दिसतात. टीव्हीवर ज्यांची मी वाट बघत होते त्या मला इथे भेटल्या.

आता ज्या एका गोष्टीमुळे माझं पारडं झुकलं ती सांगते. ती गोष्ट म्हणजे कुर्त्याचा मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो बगलेभोवतीचा भाग.

साठीनंतर अंग सगळीकडून सारखं वाढत नाही. पाळी गेल्यावर वजन पोटावर आणि दंडावर येतं, खांदे मात्र तेवढेच राहतात, उलट थोडे पुढे झुकतात. पाठीला बाक आला की कुर्ता मागून वर चढतो आणि पुढून लोंबतो. छातीच्या मापाने एक्सएल घ्यावा तर खांदा दंडावर उतरतो. खांद्याच्या मापाने एल घ्यावा तर बाही दंडाला आवळते आणि बगलेत काचतं. माझ्या चुलत जावेचा मधुमेहामुळे खांदा आखडला आहे. तिचा हात वर जातच नाही, तिला पुढून पूर्ण उघडणारा कपडाच चालतो. शिंपी मुंढा आणि दंडघेर वेगवेगळे मोजतो ते याचसाठी. तयार कपड्याच्या लेबलवर यांपैकी काहीच लिहिलेलं नसतं. त्यामुळे घालून बघितल्याशिवाय आमच्या वयाला कपडा ठरत नाही. परत पाठवण्याची सोय हीच आमची ट्रायल रूम, आणि ती घरच्या आरशासमोर, पंख्याखाली, पलंगावर बसून वापरता येते.

एका चॅनलवरून मी तीन कुर्त्यांचा संच मागवला होता. कापड खरंच छान होतं, टीव्हीवर दिसलं तसंच. दोन कुर्ते उत्तम बसले. तिसऱ्याची बेतणी वेगळी होती. लेबल तेच, पण मुंढा इतका वर की हात पुढे केला की बगलेत चिमटा बसायचा. आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडे नेला. त्याने उलटा करून शिवण दाखवली. आत जास्तीचं कापडच ठेवलेलं नव्हतं, ओव्हरलॉक मारून कडेला कापलेलं. सोडायला काही नाही म्हणाला, कळी, म्हणजे बगलेत कापडाचा जोड, घालावी लागेल आणि जुळणारं कापड मिळणार नाही. मग चॅनलला फोन केला. ऑर्डरचा फोन लगेच उचलला जातो, तक्रारीच्या फोनला बराच वेळ गाणं ऐकावं लागलं. पलीकडची मुलगी बोलायला गोड होती, पण उत्तर एकच. संच हा एक नग आहे, परत द्यायचा तर तिन्ही द्या. एक बदलून मिळणार नाही. तिन्ही परत गेले, त्यात अंगाला नीट बसलेले माझे दोन कुर्तेही गेले. दोन चांगले कपडे असे हातचे जाताना मला खरंच वाईट वाटलं, आणि त्या दिवसापासून स्वतःसाठी मी संच घेणं सोडलं.

मोबाइलवर मी तोच कुर्ता एल आणि एक्सएल असे दोन्ही मागवते. दोन्ही घालते, वरच्या फळीवरचा डबा काढून बघते, मांडी घालून बसून बघते. जो काचतो तो परत. पिशवी आणि टॅग जपून ठेवावे लागतात, न्यायला येणारा मुलगा दारातच टॅग तपासतो आणि मोबाइलवर आलेला आकडा विचारतो. पावसाळ्यात एकदोनदा तो दोन दिवस उशिरा आला. तेवढं मी चालवून घेते.

इथे एक सावधगिरी हवी. काही अ‍ॅपवर एकाच कपड्याच्या दोन किमती दिसतात. कमी किमतीत फक्त खराब किंवा चुकीचा आलेला माल परत घेतात, माप बसलं नाही हे कारण चालत नाही. थोड्या रुपयांसाठी ती कमी किंमत निवडू नका, आपल्या वयाला तर नाहीच. अंतर्वस्त्रं बहुतेक ठिकाणी परत घेतच नाहीत.

टीव्हीवरून घेतलंय म्हणून आपलं कुणी ऐकणार नाही, असं मात्र समजू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात टेलिशॉपिंगवरून घेणारी व्यक्तीही ग्राहक म्हणूनच धरलेली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पाच साड्या दाखवून चार पाठवल्या, किंवा फाटका माल आला, तर तिथे फोन करावा. बिल आणि पिशवीवरची चिठ्ठी टाकू नये.

तर कुणी काय घ्यावं? ज्यांना मोबाइल हाताळायचा कंटाळा आहे, घरात मदतीला कुणी नाही, किंवा ज्या साड्याच नेसतात आणि ब्लाउज शिवूनच घेतात, त्यांनी टीव्हीवरून खुशाल घ्यावं. साडीला मुंढा नसतो आणि कापड टीव्हीवरच चांगलं कळतं. ज्या कुर्ते, गाऊन, पुढून बटणांचे टॉप घालायला लागल्या आहेत, त्यांनी माझ्या मते मोबाइल शिकून घ्यावा. पहिल्या दोन-तीन ऑर्डर सुनेला किंवा नातीला शेजारी बसवून कराव्या, पैसे दारात द्यायचा पर्याय निवडावा. मला स्वतःला टीव्हीवरचं दाखवणं अजूनही जास्त आवडतं. कुर्ता मात्र मी मोबाइलवरूनच मागवते.

मागवण्याआधी एवढं करा. तुमचा सगळ्यात सुखाचा जुना कुर्ता पलंगावर सपाट पसरा. बगलेपासून बगलेपर्यंत, खांद्याच्या शिवणीपासून बगलेपर्यंत आणि दंडाजवळ बाहीची रुंदी, अशी तीन मापं टेपने इंचांत घ्या आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. कपड्याखालच्या मापांच्या तक्त्यात छातीचं माप बहुतेक पूर्ण गोलाईचं असतं, तेव्हा तुमचं बगलेपासून बगलेपर्यंतचं माप दुप्पट करून ताडा. तक्ता अंगाच्या मापाचा आहे की शिवलेल्या कपड्याच्या, तेही बघा. अंगाचा असेल तर कपडा त्याहून दोन-चार इंच सैल येतो. दंडघेर तक्त्यात नसेलच, त्यासाठी खाली घेतलेल्या बायकांनी ‘बाही घट्ट आहे’ असं कुठे लिहिलंय का ते शोधा. दोघीतिघींनी लिहिलेलं दिसलं तर पुढचा कुर्ता बघा.