चवथीची गर्दी आणि मुंबईचा सर्व्हर

फोंड्यात आमचं घरगुती फराळाचं काम. नेवऱ्या, लाडू, खाजे. ऑर्डरी भाच्याने केलेल्या वेबसाइटवर येतात. आधी सर्व्हर अमेरिकेत होता, एका स्वस्त होस्टिंगवाल्याकडे (नाव घेत नाही). चवथीच्या आठवड्यात पान उघडेपर्यंत पातोळ्या उकडून व्हायच्या.

आता दोन वर्षं ॲमेझॉनच्या क्लाउडवर, म्हणजे त्यांच्या भाड्याच्या सर्व्हरांवर, मुंबई रीजनमध्ये (त्यांच्या मुंबईकडच्या सर्व्हर केंद्रांत) आहोत. फरक अंतराचा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. अमेरिकेला जाऊन यायचं तर २५ हजार किलोमीटरच्या वर, म्हणजे सव्वाशे मिलिसेकंद नुसत्या वाटेतच. केबलच्या वळणांमुळे आमच्याकडे २४० लागायचे. मुंबईला २५-३०. आणि एक पान उघडायला अशा दहा-बारा खेपा होतात. मी आधी जास्त स्पीडचं नेट घेऊन पैसे घालवले. दिवाडीची फेरीबोट कितीही मोठी आणा, नदीची रुंदी तीच ना!

हे रीजन २०१६ पासून आहे. त्यात तीन झोन, म्हणजे सर्व्हरांचे तीन स्वतंत्र गट, प्रत्येकाची वीज आणि इमारती वेगळ्या. आमचा डेटाबेस (ऑर्डरींची नोंदवहीच म्हणा) दोन झोनमध्ये आहे, एकात लिहिलं की लगेच दुसऱ्यातही उमटतं. एका रविवारी भाच्याने मुद्दाम मुख्य डेटाबेस पाडला नि मी घड्याळ लावून बसले. दीड मिनिटात दुसऱ्याने काम उचललं. अर्धवट भरलेली लाडवांची एक ऑर्डर तेवढी परत भरावी लागली. तरी तिन्ही झोन शेवटी मुंबईच्याच परिसरात, आणि २००५ चा २६ जुलै मी तिथे नणंदेकडे अडकून पाहिलाय. म्हणून रात्रीचा बॅकअप हैदराबादला जातो.

दुबईतली मुलं इथल्या आईवडिलांसाठी ऑर्डर देतात. त्यांना फोटो तिथल्याच जवळच्या सर्व्हरवरून दिसतात, ऑर्डर मात्र मुंबईलाच येते.

खर्च? दुसरा झोन घेतला की डेटाबेसचं बिल जवळजवळ दुप्पट, वर १८ टक्के जीएसटी. नुसता मेनू दाखवायचा असेल तर या भानगडीत पडू नका. आमच्यापुरते पाचात चार तारे.

यंदा चवथीच्या आदल्या दिवशी दुपारी पाऊस आला, लाईट गेली, इन्व्हर्टरही बसला. राउटर बंद, प्रिंटर बंद. गच्चीत छत्री धरून मोबाईलवर पाहिलं तर मुंबईने १९ ऑर्डरी घेऊन ठेवल्या होत्या.