बुकिंग खरं, हॉटेल खरं, तरीही पैसे गेले

बुकिंग खरं होतं, हॉटेल खरं होतं, ज्या संकेतस्थळावरून खोल्या घेतल्या तेही नावाजलेलं. तरीही माल्टाला निघायच्या आधीच आमचे ६१२ युरो गेले, म्हणजे साठ हजार रुपयांच्या वर. युरोपातल्या हॉटेलांच्या नावाने ही फसवणूक गेली काही वर्षं सर्रास चालू आहे. आपल्याकडून जाणाऱ्या लोकांना ती नेमक्या कुठल्या क्षणी गाठते, हे आता मला चांगलं कळलंय. म्हणून सगळं तपशिलात लिहितेय.

मी, नवरा, दादा आणि वहिनी असे चौघे जाणार होतो. माल्टा निवडलं कारण देश छोटा. गोझो आणि कोमिनो ही बेटं धरूनही क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या जवळपास निम्मं. थोड्या दिवसांत बरंच बघून होतं. वहिनी चित्रकला शिकवायच्या. राजधानी व्हॅलेटाच्या सेंट जॉन्स को-कॅथेड्रलमधलं काराव्हाज्यो या इटालियन चित्रकाराचं १६०८ सालचं चित्र, त्याने स्वतःची सही केलेलं एकमेव, त्यांना प्रत्यक्ष बघायचं होतं. दादाचं लक्ष लाम्पुकी माशावर. ऑगस्टच्या मध्यापासून त्याचा हंगाम सुरू होतो, म्हणून तारखाच ऑक्टोबरच्या काढल्या, आणि त्यातही एक रविवार मार्साश्लॉकच्या मासळीबाजारासाठी ठेवला. मी शाकाहारी, त्यामुळे माझं सगळं संशोधन पास्तित्सी या खुसखुशीत पेस्ट्रीवर. आत रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण असतं. (कडक शाकाहारी असाल तर पिठात डुकराची चरबी घातली आहे का, ते विचारून घ्या. जुन्या पद्धतीत घालतात.)

व्हॅलेटातल्या एका लहान हॉटेलात दोन खोल्या घेतल्या. पैसे तिथे पोचल्यावर काउंटरवर द्यायचे, असा पर्याय होता. माल्टा शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे व्हिसाच्या फाइलीत हॉटेलचं बुकिंग, परतीची तिकिटं आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा असं सगळं लावावं लागतं. व्हिसाची फी माणशी ९० युरो, आणि व्हिसा नाकारला तर ती परत मिळत नाही. हे सांगतेय कारण चोराने बरोबर याच दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं.

व्हिसाच्या अपॉइंटमेंटच्या आदल्या सकाळी त्या संकेतस्थळाच्या अ‍ॅपवर हॉटेलकडून मेसेज आला. ईमेल नाही, व्हॉट्सअ‍ॅप नाही. अ‍ॅपमध्ये हॉटेलशी बोलायची जी खिडकी असते, तिथे. दोनच दिवसांपूर्वी मी विमानतळावरून येणाऱ्या बसबद्दल विचारलं होतं आणि त्यांनी उत्तर दिलं होतं, त्याच्याच खाली. चौघांची नावं, तारखा, बुकिंग क्रमांक, दोन खोल्यांची एकूण रक्कम, सगळं अचूक. मजकूर असा की नव्या सुरक्षा नियमांमुळे कार्डाची पडताळणी राहिली आहे. ती १२ तासांत झाली नाही तर बुकिंग आपोआप रद्द होईल. पैसे कापले जाणार नाहीत, फक्त कार्ड चालू आहे का ते बघितलं जाईल. खाली लिंक.

पोस्टमनच्याच पिशवीतून बनावट पत्र हातात पडावं, तसं हे होतं. उद्या ज्या कागदावर व्हिसा मागायचा, तोच कागद रद्द होणार म्हटल्यावर माणूस घाईने पडताळणी करणारच.

लिंक उघडली तर पान हुबेहूब तसंच. तोच रंग, हॉटेलचा तोच फोटो, माझं नाव आधीच भरलेलं. कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे भरले. ओटीपी आलाच नाही. थेट बँकेचा एसएमएस आला : ६१२ युरो खर्च. ज्या नावाने खर्च पडला त्याचा हॉटेलशी काही संबंध नव्हता, आणि देशही भलताच. तेवढ्यात त्या पानाच्या कोपऱ्यात चॅटची खिडकी उघडली. 'सपोर्ट' म्हणवणारा माणूस अतिशय नम्रपणे सांगू लागला, की तांत्रिक कारणाने व्यवहार अडकलाय, रक्कम आपोआप परत येईल, मात्र पडताळणी पूर्ण व्हायला दुसरं कार्ड वापरावं लागेल. दादा पाकीट काढायला उठलासुद्धा. मला त्या 'दुसरं कार्ड'वरून शंका आली. हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा, ३५६ ने सुरू होणारा नंबर शोधून फोन लावला. तिथे नुकतंच उजाडलं होतं. रिसेप्शनवरच्या मुलीने माझं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. "मॅडम, काहीही भरू नका. सकाळपासून हाच फोन येतोय."

तिने जे सांगितलं ते प्रत्येक प्रवाशाला माहीत हवं. आधी हॉटेललाच फसवतात. 'मी तुमच्याकडे उतरलो होतो, पासपोर्ट विसरलोय, फोटो जोडलाय' अशा थाटाचा ईमेल येतो. कर्मचारी तो जोड उघडतो आणि संगणकात शिरलेला व्हायरस पासवर्ड चोरतो. मग चोर हॉटेलच्या खात्यातून, बुकिंगची यादी समोर ठेवून, एकेका पाहुण्याला लिहीत बसतो. त्यामुळे 'मेसेज खऱ्या अ‍ॅपमध्ये आलाय ना?' ही खूण आता पुरत नाही. खूण एकच राहते : लिंक तुम्हाला अ‍ॅपच्या बाहेर नेते का? वरचा पत्ता वाचताना पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या लगेच आधी काय लिहिलंय ते बघायचं. त्याच्याही आधी खरं नाव कितीही ठळक असो, त्याला अर्थ नाही. आमच्या पत्त्यात खरं नाव सुरुवातीला होतं आणि शेवटी भलतंच काही. मोबाइलवर तो शेवट दिसतही नव्हता.

ओटीपी का नाही आला, हे अनेकांनी विचारलं. भारतातल्या ऑनलाइन व्यवहाराला दुसरी खातरजमा लागते, पण परदेशातला व्यापारी ती न मागताही पैसे खेचू शकतो. म्हणून बँकेच्या अ‍ॅपमध्ये 'आंतरराष्ट्रीय ऑनलाइन' हे बटण असतं. ते काम झालं की बंद ठेवा, आणि चालू असेल तेव्हाही मर्यादा कमी ठेवा.

फोन ठेवल्याठेवल्या कार्ड बंद केलं. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही टाकली, आणि बँकेला लेखी कळवलं. हे त्याच दिवशी करण्याला फार महत्त्व आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, यंत्रणेत दुसरीकडेच कुठे आहे, अशा व्यवहाराची सूचना तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर ग्राहकावर काहीच बोजा येत नाही. उशीर झाला की हिस्सा वाढत जातो.

बँकेचं पहिलं उत्तर एका ओळीचं होतं : तपशील तुम्हीच दिलात, जबाबदारी तुमची. या उत्तरावर पुष्कळ लोक गप्प बसतात. काहींना लाज वाटते, घरात बोलणी बसतात. मला याचा मनापासून राग येतो. कुणाच्या तरी संगणकातून आमची नावं, तारखा, रक्कम चोरीला गेली, ती वापरून आम्हाला लुटलं, आणि मान खाली आम्ही का घालायची? मी परत लिहिलं. मेसेज अधिकृत अ‍ॅपमध्ये आल्याचा स्क्रीनशॉट, हॉटेलने ईमेलवर दिलेली हॅकिंगची कबुली, ओटीपी मागितलाच नव्हता ही नोंद आणि पैसे घेणाऱ्याचं निराळं नाव, असं सगळं जोडून चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागितला. अशा, ओटीपीविना झालेल्या व्यवहारात कार्ड कंपन्यांच्या नियमांनी जबाबदारी सहसा व्यापाऱ्याच्या बाजूला जाते. हॉटेलकडून ती लेखी कबुली मागून घेतली, हे फार उपयोगी पडलं. संकेतस्थळाने मात्र 'अनोळखी लिंक उघडू नका' असं छापील उत्तर पाठवून हात झटकले.

बुकिंग रद्द होणारच नव्हतं, ते झालंही नाही. व्हिसा मिळाला, आम्ही गेलो, खोल्यांचे पैसे काउंटरवर भरले. वहिनी त्या चित्रासमोर इतका वेळ उभ्या होत्या की आम्ही बाहेर जाऊन कॉफी पिऊन आलो. रविवारी मार्साश्लॉकला पुढच्या टोकावर डोळे रंगवलेल्या लुत्सू नावेतून आलेली लाम्पुकी दादाने मनसोक्त बघितली, आणि मग खाल्लीही.

तिथली तयारी करणाऱ्यांसाठी अजून थोडं. कोमिनोच्या ब्लू लगूनला २०२५ पासून आधी वेळ नोंदवावी लागते. ती नोंदणी फुकट असते. बोटीचं भाडं वेगळं, पण नुसत्या पासचे कुणी पैसे मागत असेल तर सरळ पुढे चला. पाओला गावातलं हायपोजियम हे जमिनीखालचं प्राचीन दफनस्थळ एका वेळी फार थोड्यांनाच बघता येतं आणि तिकिटं कितीतरी आधी संपतात. ती हेरिटेज माल्टा या सरकारी संस्थेकडूनच घ्या, 'शेवटची दोन उरलीत' म्हणणाऱ्याकडून नको. गोझोच्या फेरीबोटीला चिर्केव्वा बंदरातून जाताना तिकीट लागत नाही, परत येताना पैसे भरायचे असतात.

बँकेने रक्कम आधी तात्पुरती जमा केली होती, चार्जबॅक मान्य झाल्यावर ती कायम झाली. परकीय चलनाचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी मात्र त्यांनी परत केलेला नाही. लेखी तक्रारीला तीस दिवस उलटून गेले, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज दिला आहे. तिथे फी लागत नाही आणि अर्ज ऑनलाइन भरता येतो.