शातो द बोकास्तेल 2016 : सहा बाटल्या, अकरा महिने

आधी निकाल सांगून टाकतो. ही फ्रेंच तांबडी वाइन (2016 हे द्राक्षतोडणीचं वर्ष) उत्तम आहे, पण घरी 13-14 अंशांना बाटल्या आडव्या ठेवायची सोय नसेल तर घेऊ नये. अकरा महिन्यांत पाच बाटल्या उघडल्या. सहावी 2030 पर्यंत तशीच राहणार आहे. त्या पाचांपैकी दोन आपल्याच घाईने आणि हलगर्जीने वाया गेल्या, म्हणून हे जरा सविस्तर.

बोकास्तेल हे दक्षिण फ्रान्समधल्या ऱ्होन खोऱ्यातलं, शातोनफ-द्यू-पाप या पट्ट्याच्या उत्तर टोकाचं, कुर्तेझों गावाच्या हद्दीतलं घराणं. वर आल्प्समधून आलेले गोल गुळगुळीत गोटे, खाली जुन्या समुद्राच्या तळाचा वाळूमिश्रित थर. दिवसभर तापलेले गोटे रात्री ऊब सोडतात, ही गोष्ट प्रत्येक माहितीपत्रकात असते. त्याहून महत्त्वाचा आहे तो मिस्त्राल, उत्तरेकडून येणारा कोरडा सोसाट्याचा वारा. तो पावसानंतर घड चटकन सुकवतो. 1950 पासून रासायनिक खतांशिवाय आणि 1974 पासून जैवगतिक (बायोडायनॅमिक, म्हणजे सेंद्रियाच्याही पुढची, निसर्गचक्र पाळणारी) पद्धतीने बाग चालवणं इथे जमलं, त्यात या वाऱ्याचा वाटा मोठा. तरी वारा म्हणजे काही कवच नव्हे. 2018 ला वसंतात पाऊस लागून राहिला तेव्हा डाऊनी या बुरशीच्या रोगाने या भागातल्या सेंद्रिय बागांचं उत्पन्न चांगलंच खाल्लं. नाशिककडच्या बागायतदाराला हे वेगळं समजावून सांगायला नको.

बरीचशी झाडं इथे मांडवावर किंवा तारांवर नसतात. ग्रेनाश वगैरे द्राक्षाच्या जाती बुटक्या झुडपासारख्या वाढवतात. सिराच्या लांब, लवचीक काड्या मात्र वाऱ्यात मोडतात, म्हणून तिला तारेचा आधार द्यावा लागतो. यंत्राने तोडणीला या पट्ट्यात बंदी आहे, सगळी तोडणी हाताने. हेक्टरी 35 हेक्टोलिटर (3,500 लिटर) ही उत्पन्नाची मर्यादा, आणि मद्यार्क किमान 12.5 टक्के. आमच्या बाटलीच्या लेबलवर 14.5 आहे. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे जेवणाच्या वेळी तोच नडतो.

आता द्राक्षं. शातोनफला तेरा जातींची परवानगी, हे वाक्य सगळे म्हणतात. पण परिसरातल्या लागवडीत सत्तर टक्क्यांच्या वर एकटी ग्रेनाश आहे, आणि तेराच्या तेरा लावणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बोकास्तेल त्यांतलं एक. तांबड्या वाइनमध्ये मूर्वेद्र आणि ग्रेनाश साधारण 30-30 टक्के, सिरा आणि कुनवाझ 10-10 च्या आसपास, थोडी सँसो, आणि उरलेल्यात वाकारेझ, तेरे न्वार, म्युस्कार्दँ यांच्यासोबत रूसान, क्लेरेत, बुरबुलँक, पिकपूल, पिकार्दाँ या पांढऱ्या जातीसुद्धा. तांबड्या वाइनमध्ये पांढरी द्राक्षं पाहून दचकू नका, नियमांत बसतं ते.

खरी गोम मूर्वेद्रच्या तीस टक्क्यांत आहे. ग्रेनाश उदार पण भोळी: साखर भरभरून, रंग आणि आंबटपणा बेताचा, हवा लागली की लवकर थकणारी. मूर्वेद्र नेमकी उलट. उशिरा पिकते, जाड सालीची, टॅनिन (जीभ कोरडी करणारा तुरट घटक) भरपूर, आणि हवेला दाद न देणारी. या उत्तर टोकाला ती पूर्ण पिकेल की नाही अशी धाकधूक दरवर्षी असते, म्हणून बाकीचे तिच्या वाटेला फारसे जात नाहीत. दोघी एकत्र आल्या की एकीची घाई दुसरी आवरते. कुनवाझ कमी टॅनिनची, मिरमिरीत आणि ताजी. ती नसती तर सगळं फार जड झालं असतं. सिरा म्हणजे आपल्याकडच्या बाटल्यांवर शिराझ म्हणून छापतात तीच.

कारखान्यातली एक पद्धत इथली खास आहे. देठ काढलेल्या द्राक्षांच्या साली अगदी थोडा वेळ 80 अंशांपर्यंत तापवतात आणि लगेच 20 अंशांवर आणतात. हिरवी भाजी उकळत्या पाण्यातून काढून गार पाण्यात टाकतात, त्यातलंच तत्त्व. सालीवरची विकरं निकामी झाली की रस हवेने काळवंडत नाही, रंग मोकळा होतो आणि वाइन टिकवायला घालतात तो सल्फर कमी लागतो. ही रीत मळ्याचे आधीचे मालक झाक पेरँ यांनी घालून दिली. पुढे प्रत्येक जात वेगळी आंबवतात: मूर्वेद्र आणि सिरा लाकडी टाक्यांत, कारण त्यांना थोडी हवा हवीच असते, आणि ग्रेनाशसारख्या हळव्या जाती सिमेंटच्या टाक्यांत. मग मिश्रण, मोठ्या जुन्या ओक पिंपांत साधारण वर्षभर मुक्काम, अंड्याच्या पांढऱ्याने निवळणं, आणि गाळणी न लावता बाटलीत. पिंपं मोठी आणि जुनी असल्यामुळे व्हॅनिलाचा वास शोधू नका, सापडणार नाही.

इतिहास थोडक्यात. 1549 मध्ये प्येर द बोकास्तेल या सरदाराने कुदुले इथे एक कोठार आणि 52 सोमे जमीन विकत घेतली. सोमे हे तिथलं जुनं माप. पुढे त्याच नावाच्या वंशजाने प्रॉटेस्टंट पंथ सोडून कॅथलिक पंथ घेतला, आणि चौदाव्या लुईने त्याला कुर्तेझोंचं कप्तानपद बहाल केलं. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीने ऱ्होनच्या बागा मुळापासून खाल्ल्या, तशी इथलीही गेली. अमेरिकी खुंटावर कलमं बांधणं हाच त्यावर उपाय ठरला. 1909 ला प्येर त्रामिए यांनी मळा घेऊन पुन्हा लागवड केली. त्यांच्याकडून तो जावई प्येर पेरँ यांच्याकडे आला, मग झाक यांच्याकडे, आणि 1978 ला ते गेल्यावर झाँ-प्येर आणि फ्रांस्वा या मुलांकडे. वडिलांच्या नावाने मुलांनी 1989 पासून फक्त निवडक वर्षी एक वेगळी, मूर्वेद्रचा वरचष्मा असलेली वाइन काढली. तिची किंमत बघूनच पुढे जावं.

पट्ट्याची कथाही मजेशीर आहे. चौदाव्या शतकात पोप रोमऐवजी जवळच्या आविन्यों शहरात राहत होते, आणि बाविसाव्या जॉनने इथे उन्हाळी किल्ला बांधला. पण गावाला शातोनफ-द्यू-पाप हे नाव अधिकृतपणे मिळालं ते 1893 मध्ये. लागवडीची हद्द ठरवताना इथले बागायतदार बॅरन ल रुआ यांनी 1923 च्या सुमारास कसोटी लावली ती लव्हेंडर आणि थाइम दोन्ही उगवतील इतकी कोरडी, भुकी जमीन. कुठल्या हद्दीतली, कोणत्या नियमांनी केलेली वाइन कोणतं नाव लावू शकते हे ठरवणाऱ्या फ्रान्सच्या नियंत्रित नामांकन पद्धतीला याच कामातून आकार आला, आणि 1936 ला या पट्ट्याला ते नामांकन मिळालं. याच गावाने 1954 मध्ये उडत्या तबकड्यांना हद्दीत उतरायला मनाई करणारा आदेश काढला होता, आणि तो अजून मागे घेतलेला नाही.

आता वापराबद्दल. बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा, पूर्ण 24 तास. न गाळलेली वाइन आहे, तळाला गाळ असतोच. बूच लांब आहे, म्हणून पाच वेढ्यांचा आणि दोन टप्प्यांच्या तरफेचा स्क्रू वापरा. आखूड स्क्रूने खालचा तुकडा आतच राहतो. ओतताना मानेखाली मोबाइलचा दिवा धरा आणि गाळाची पहिली रेघ मानेशी आली की थांबा. शेवटचे 30-40 मिलि सोडून द्या.

पहिली बाटली उघडून अर्ध्या तासात प्यायलो. चूक! वास बंद, जीभ कोरडी, आणि कोणी विचारलं असतं तर किमतीच्या पावपट दर्जाची म्हणालो असतो. तीच वाइन, दुसरी बाटली, चार तास रुंद सुरईत ठेवलेली: काळी चेरी, सुकं अंजीर, चामडं, ओल्या मातीत वाळलेला पाला, आणि शेवटी काळ्या ऑलिव्हचा खारटपणा. तिसरीची अर्धी बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली, ती दुसऱ्या रात्री सगळ्यांत सरस लागली आणि चौथ्या दिवशी मावळली. म्हणजे या वयाला चार तास ही किमान मर्यादा. वीस-पंचवीस वर्षांच्या बाटलीला मात्र हा नियम लावू नका. तिला गाळापासून वेगळं करून अर्धा तास पुरे, जास्त हवेने ती डोळ्यांदेखत विरते.

तपमान हा दुसरा अडथळा. ‘रूम टेम्परेचर’ म्हणजे फ्रेंच दगडी घरातले 17 अंश, पुण्या-मुंबईतले 30 नव्हेत. 30 अंशांवर 14.5 टक्के मद्यार्क आधी नाकात जातो आणि फळ मागे राहतं. 15 ला ओता, पेल्यात ती आपोआप 18 ला येते. वाइनचं कपाट नसेल तर खोलीतली बाटली साध्या फ्रिजमध्ये 45 मिनिटं. पेला मोठ्या पोटाचा घ्या आणि तिसरा हिस्साच भरा, साधारण 125 मिलि, म्हणजे एका बाटलीत सहा. चौथी बाटली अशी प्यायलो आणि तक्रारीला जागा राहिली नाही.

पाचवी बाटली एप्रिलमध्ये तीन आठवडे कपाटाबाहेर राहिली, खोली 34 अंशांपर्यंत जात होती. बूच किंचित वर आलेलं, आणि वास ताज्या फळाऐवजी शिजलेल्या मनुकांचा. खराब नव्हती, पण मुकी झाली होती. उन्हाळ्यात बाहेर राहिलेल्या महागड्या वाइनचं असंच होतं, दोष ठेवणाऱ्याचा.

वासाबद्दल एक खुलासा, कारण नवखे इथे फसतात. मूर्वेद्रला मुळातच मांस आणि चामड्याचा वास असतो, तो दोष नाही. उघडल्या उघडल्या विझलेल्या काडीचा किंवा अंड्याचा वास आला तर ती हवेची कमतरता, अर्ध्या तासात जाते. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास असेल आणि तो वेळेबरोबर वाढत असेल तर बूच दूषित, वाट बघू नका, परत करा. तिसरा प्रकार ब्रेटानोमायसिस या यीस्टचा: तबेला, औषधी पट्टी, आणि शेवटी घसा कोरडा करणारी चव. तो हवेने जात नाही. 1989-90 च्या आसपासच्या बोकास्तेलमध्ये तो असल्याची चर्चा जाणकारांत जुनी आहे. काहींना तोच आवडतो. 2016 मध्ये आम्हाला तो जाणवला नाही.

जेवण. तांबडा रस्सा विसरा. मिरचीचा दाह, टॅनिन आणि मद्यार्क तिन्ही एकमेकांना चिथावतात. चिंच-कोकमाच्या आंबटाने वाइन पाणचट लागते, आणि बांगड्यासारख्या तेलकट माशाबरोबर तोंडात लोखंड आल्यासारखं होतं. सगळ्यांत जमलं ते मंद आचेवर तीन तास शिजवलेलं मटण, काळा मसाला बेताचा, तिखट अगदी कमी. अनपेक्षित म्हणजे पांढरा रस्सा: खसखस-तिळाचा स्निग्धपणा टॅनिन छान झेलतो. शाकाहारात भाजलेले मशरूम आणि चुलीवरच्या वांग्याचं बिनमिरचीचं भरीत.

किंमत युरोपात वर्षानुसार 70 ते 100 युरोच्या घरात, आणि आयातशुल्कानंतर ती कुठल्या कुठे जाते. परदेशातून येणाऱ्याला दोन लिटरची सवलत असते, म्हणजे दोन बाटल्या बसतात. त्या सामानाच्या बॅगेत मध्यभागी, प्रत्येकी दोन जाड टॉवेलांत. थांबण्याची तयारी नसेल तर त्याच घराण्याची कुदुले द बोकास्तेल घ्या. महामार्गाच्या पलीकडची तीस हेक्टरांची बाग, नामांकन साधं कोत-द्यू-ऱ्होन, त्यातही मूर्वेद्र 30 टक्के, आणि किंमत तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. तिला एक तासाची हवा पुरते, आणि चार-पाच वर्षांतच ती बोलू लागते. जुनी बाटली घेताना दुकानात ती उजेडासमोर धरा: वाइनची पातळी बुचापासून दोन सेंटिमीटरपेक्षा खाली असेल किंवा झाकणाची पत्री गोल फिरत नसेल, तर आतून झिरपलेलं असू शकतं. तशी बाटली परत ठेवा.