कादंबरीतल्या डिप्रेशनचे उपचार तज्ज्ञांकडून वाचून घेतले, त्याबद्दल

हस्तलिखितातला वैद्यकीय भाग तज्ज्ञांकडून वाचून देणारी ही सेवा मी माझ्या कादंबरीसाठी घेतली. काम नुकतंच संपलं, सगळं ताजं आहे, म्हणून सविस्तर लिहिते. ज्यांच्या गोष्टीतलं कुणी डिप्रेशन किंवा अँग्झायटीवर उपचार घेतंय, त्यांना याचा नक्की उपयोग होईल.

माझी नायिका नीला, वय ३४, शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक. पहाटे चारला तिला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. फोन वाजला की छातीत धस्स होतं. हौसेने घेतलेलं शिवणयंत्र कित्येक महिने झाकलेलंच आहे. इथवर लिहायला मला अडचण नव्हती. अडत होतं ते पुढे. ती डॉक्टरांकडे जाते, आणि मग? बऱ्याच कथांमध्ये इथे प्रकरण संपतं, किंवा एकदा पोटभर रडून माणूस मोकळं होतं आणि कथा पुढे सरकते. उपचार म्हणजे कित्येक महिन्यांचं काम. त्यात कंटाळा आहे, धीर सुटणं आहे, ‘आता बरं वाटतंय, मग गोळी कशाला’ हेही आहे. मला तेच लिहायचं होतं.

तुमचं लिखाण एक मनोविकारतज्ज्ञ आणि एक मानसशास्त्रज्ञ असे दोघं स्वतंत्रपणे वाचतात. दोघांचे समासातले शेरे येतात, एकेक टिपण येतं आणि दोघांशी व्हिडिओ कॉलवर बोलता येतं. सुरुवातीला एक लांबलचक फॉर्म भरावा लागतो. पात्राचं वय, बाकीचे आजार, त्रास कधीपासून, घरात कुणाला माहीत आहे, हे सगळं त्यात विचारतात. शिवाय कुठलं प्रकरण कुठल्या तारखेला घडतं याचा तक्ता मागतात. कथा लिहिणाऱ्याला ही अट जाचक वाटेल, पण पुढचं सगळं काम या तक्त्यावरच उभं राहतं, कारण या आजारात औषधाचा गुण आठवड्यांत मोजतात.

उदाहरण देते. नीलाला एस्सिटालोप्राम हे डिप्रेशन-अँग्झायटीवरचं औषध सुरू होतं. तिला अँग्झायटीही आहे, म्हणून सेवेतल्या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी ५ मिलिग्रॅमने सुरुवात करून आठवड्याने १० वर न्यायला सुचवलं. मग तक्ता बघून एका पानाच्या समासात लिहिलं : ‘गोळीचा नववा दिवस. इथे मळमळ आहे, डोकं दुखतंय, झोप आणखी बिघडली असेल, अस्वस्थपणा थोडा वाढलेलाही असू शकतो. फायदा अजून नाही. गोळी सोडून द्यावीशी वाटते ती याच दिवसांत.’ फायदा दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि पुरता गुण यायला सहा-आठही लागू शकतात. त्या एका शेऱ्यातून मला अख्खं प्रकरण मिळालं. भाऊ रोज संध्याकाळी विचारतो, ‘काही फरक?’ आणि नीलाला रोज काहीतरी उत्तर द्यावं लागतं. तिला त्याचा राग येतो, त्या रागाची लाज वाटते, पण गोळी ती घेत राहते. बाहेरून बघणाऱ्याला या दिवसांत काहीच घडताना दिसत नाही. माझ्या मते कादंबरीतलं सर्वांत मोठं धाडस तिथेच आहे.

पहिल्या भेटीच्या प्रसंगावर शेऱ्यांची गर्दी होती. डॉक्टर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगतील, कारण थकवा आणि उदासी तिथूनही येऊ शकते. दारू, इतर औषधं, घरात कुणाला असा त्रास होता का, हे विचारतील. आणि एक प्रश्न मला एकदम आवडला : ‘आयुष्यात कधी असे दिवस होते का, की झोप कमी पण अंगात प्रचंड उत्साह, विचार पळतायत, पैसा हातात टिकत नाही?’ कारण मुळात बायपोलर आजार असेल आणि नुसतं डिप्रेशनचं औषध दिलं, तर माणूस उन्मादाकडे झुकू शकतो. हा प्रश्न आला की नीला गोंधळते, जरा घाबरते, आणि डॉक्टर नुसती मान हलवून ऐकत नाहीत, विचारही करतायत, हे वाचणाऱ्याला जाणवतं. मरणाचे विचार येतात का, हेही डॉक्टर सरळ विचारतात. असं विचारल्याने ते विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाहीत. उलट बऱ्याच जणांना सुटल्यासारखं वाटतं.

त्यांनी पीएचक्यू-९ (डिप्रेशन मोजणारी) आणि जीएडी-७ (अँग्झायटी मोजणारी) या प्रश्नावल्या नीलाच्या वतीने मला भरायला लावल्या. पहिलीत मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दुसरीत सात प्रश्न, एकूण २१. नीलाचे पहिलीत १७ आले, म्हणजे मध्यम ते तीव्र यांच्या मधला गट. मग डॉक्टरांनी पुढच्या भेटींसाठी आकडे सुचवले : १५, ११, पुन्हा १३, मग ८. हे पुस्तकात छापू नका, स्वतःजवळ ठेवा, असं सांगितलं. त्यातल्या ११ नंतरच्या १३ वर मी बरेच दिवस घालवले. चढउतार तर होतातच, पण त्या आठवड्यात नीला समजते की आपलं सगळं पुन्हा मूळपदावर गेलं. तसं ते गेलेलं नसतं. या दोन गोष्टींमधलं अंतर लिहायला मिळावं म्हणून तर मी कादंबरी लिहिते. पहिल्याच औषधाने पूर्ण बरं वाटणारे साधारण तिघांत एक, असं २००६ साली प्रसिद्ध झालेल्या स्टार-डी या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिसलं होतं. त्यामुळे मात्रा वाढवणं किंवा औषध बदलणं हे अपयश म्हणून रंगवू नका, असंही डॉक्टरांनी लिहिलं होतं.

आता या सेवेतला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग. मानसशास्त्रज्ञबाईंच्या कॉलमध्ये त्या थेरपिस्ट होतात आणि लेखकाने पात्र होऊन उत्तरं द्यायची. ‘हा तुमचा उपचार नाही, तुम्हाला कुठेही थांबावंसं वाटलं तर लगेच थांबू,’ हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं, आणि मला स्वतःला सध्या कसं वाटतंय हेही विचारलं. मग कागद घेऊन रकाने आखायला लावले : प्रसंग, मनात आलेला विचार, भावना आणि तिची तीव्रता, विचाराच्या बाजूचा पुरावा, विरुद्धचा पुरावा, दुसरा एखादा विचार. ही कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीतली नेहमीची रीत. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ एरन बेक यांनी १९६०च्या दशकात या थेरपीचा पाया घातला. मी नीला म्हणून लिहिलं : मुख्याध्यापिकांनी हाक मारली, विचार आला ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास होतो’, खरं वाटण्याचं प्रमाण ९० टक्के.

बाईंनी ‘असं नसतं हो’ म्हटलं नाही. ‘सगळ्यांना म्हणजे कुणाकुणाला?’ एवढंच विचारलं आणि गप्प बसल्या. मी नावं सांगायला लागले. तिसऱ्या नावानंतर नीलाजवळ नाव उरलं नाही. बाई तरीही घाईने पुढे गेल्या नाहीत. ‘बरं, तिघं. त्यातल्या पहिल्यांनी मागच्या आठवड्यात तुम्हाला काय म्हटलं होतं?’ शेवटी पुन्हा टक्के विचारले, मी ७० लिहिलं. मला ते कमी वाटलं. त्या म्हणाल्या, ‘पहिल्यांदा करताना वीस उतरले, हे चांगलं आहे. शून्यावर आले असते तर मी काळजीत पडले असते. मला खूश करायला लिहिलं असं वाटलं असतं.’ हा संवाद जवळजवळ जसाच्या तसा पुस्तकात आहे. थेरपिस्टच्या तोंडी सुविचार घालायचा मोह होतो तिथे छोटे, नेमके, जमिनीवरचे प्रश्न कसे काम करतात, हे मला वाचून कळलं नसतं. सत्र संपताना गृहपाठही मिळाला : शिवणयंत्रावरचं कापड काढायचं आणि दहा मिनिटं समोर बसायचं. शिवायचं नाही. हुरूप आला की करू, असं म्हणून वाट बघायची नाही. आधी छोटी कृती, हुरूप मागून येतो.

एका मुद्द्यावर दोघा तज्ज्ञांचं जमलं नाही. पहिल्या काही आठवड्यांपुरतं थोडं क्लोनाझेपाम, म्हणजे घबराट लगेच शमवणारी गोळी, द्यायला डॉक्टरांची हरकत नव्हती, बंद कधी करायचं हे आधीच ठरलेलं असेल तर, कारण त्याची सवय लागू शकते. बाईंचं म्हणणं, धडधड झाली की गोळी घेतली, तर ती धडधड आपोआप ओसरते हे नीला शिकणार कधी? सेवेने दोन्ही मतं जशीच्या तशी पाठवली, मधला गुळमुळीत तोडगा काढला नाही. याबद्दल त्यांना पैकीच्या पैकी गुण. आता हा वाद नीलाच्या मनात चालतो.

आत्महत्येच्या विचारांच्या प्रकरणावरचं टिपण काटेकोर होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये चित्रपट आणि रंगभूमीवरच्या लोकांसाठी काढलेल्या मार्गदर्शनाला धरून त्यांनी सांगितलं की साधन, जागा, पद्धत यांचा तपशील पानावर नको. तिने कुणाला फोन केला, तिला कशाने थांबवलं, दुसऱ्या दिवशी थेरपिस्टसोबत बसून लिहिलेल्या कागदावर कुणाकुणाचे नंबर आहेत, ते दाखवा. मी तसं केलं आणि प्रकरण कमजोर झालं नाही, घट्ट झालं.

उणिवाही आहेत. डॉक्टरांचा कॉल ऐनवेळी पुढे ढकलला गेला आणि झाला तेव्हा घाईत उरकला. काही शेऱ्यांत पात्रांच्या तोंडी माहितीपत्रक घालायचा सूर होता. नीलाच्या मैत्रिणीने सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर दोन परिच्छेद बोलावेत, ही सूचना मी घेतली नाही. घेण्याची सक्तीही नाही, आणि न घेतल्याचं कुणाला वाईट वाटलं नाही. आजार फारसा बोलून न दाखवणाऱ्या पात्रांकडे, विशेषतः चिडचिडेपणात लपलेल्या पुरुषांच्या डिप्रेशनकडे, दोघांनीही कमी लक्ष दिलं. नीलाच्या वडिलांबद्दल मला खोदून खोदून विचारावं लागलं.

शेवटच्या प्रकरणाबद्दलची डॉक्टरांची सूचना मात्र मी पूर्ण मानली. बरं वाटायला लागल्यावरही औषध निदान सहा महिने चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. एकदम सोडलं तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं, असं होऊ शकतं. हे व्यसन नव्हे, शरीराला त्या औषधाची सवय झालेली असते. नीला बरं वाटतंय म्हणून गोळ्या परस्पर बंद करते, तिला हा त्रास होतो, ती खजील होऊन परत जाते, आणि डॉक्टर न रागावता मात्रा उतरवण्याचं वेळापत्रक लिहून देतात. पुस्तक आता त्या वेळापत्रकावर थांबतं.

पहिला कच्चा खर्डा यांच्याकडे पाठवू नका. पात्र तुमच्या हाताला लागलं की पाठवा, नाहीतर पात्राच्या कॉलमध्ये द्यायला उत्तरंच नसतील. दोन्ही कॉलमध्ये आठवड्याभराचं अंतर मागून घ्या, आधी डॉक्टरांचा ठेवा, आणि तारखांचा तक्ता मन लावून भरा.